हरभऱ्यावर पसरलेला ॲप्रन

थंडी जायला निघाली की ते आधी तळपायांना कळतं. सकाळी मागचं दार उघडून अनवाणी परसात उतरलं, तर दगडी पायरी अजून चावते, पण खालची माती चावायची थांबलेली असते. शेजारच्या शमीमभाभींचा शेवगा भिंतीवरून वाकून आमच्याकडं फुलं टाकत असतो. तुळशीच्या मंजिऱ्या वाळून काळ्या झालेल्या असतात, कोथिंबीर हाताबाहेर जाऊन बारीक पांढरी फुलं मिरवत असते, आणि कुठंतरी वर, दिसत नाही अशा फांदीवर, तांबट पक्षी भांड्याचे पोचे काढल्यासारखा टुक-टुक करायला लागतो. वर्षभरातले मला सगळ्यात आवडणारे दिवस हेच. काही नवीन लागत नाही. स्वेटर काढला की सकाळ आपली.

भोरला आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागं परस, परसात थोडे वाफे. त्यातला एक या वर्षी हरभऱ्याचा होता. भोरात घरामागं हरभरा कुणी लावत नाही, लोक गुलाब लावतात. पण दिवाळीत माझ्या आईला तो वाफा रिकामा बघवेना. तिनं डब्यातले मूठभर हरभरे घेतले आणि बोटानं एकेक टोचले.

माघात त्या वाफ्याशेजारून गेलं की पायाची बोटं ओली होतात, आणि ते नुसतं दव नसतं. हरभऱ्याच्या पानावरचं दव आंबट असतं. बोट लावून जिभेवर ठेवलं तर एक डोळा आपोआप मिटतो. त्याला आमच्याकडं आंब म्हणतात. संध्याकाळी हरभऱ्यावर पातळ सुती कापड पसरून ठेवायचं, पहाटेपर्यंत ते दवानं जड होतं, मग ते पिळून निघेल ते काचेच्या बाटलीत भरायचं. पोट दुखलं, जेवण जाईना झालं, की चमचाभर आंब पाण्यातून घ्यायची. पुढं मी शिकले तेव्हा कळलं की त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. माझ्या माहेरच्या अख्ख्या वाडीत हे सांगू शकणारी पहिली बाई मी. बी.एस्सी., रसायनशास्त्र, भोरचं कॉलेज. नंतर लॅबचा कोर्स केला आणि आता भोरातच एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मिरवते का? मिरवते. ज्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नाही, त्या घरातल्या बाईनं थोडं मिरवलेलं चालतं.

पण यंदाचा माघ मला तसा मोकळा मिळाला नाही. आईला वास येत नव्हता.

पावसाळ्यात तिला ताप आला होता. ताप आठवडाभरात गेला, जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. आई राहते वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून एकटीच राहते. भाऊ पुण्याला नोकरीला. तिला कधी सोबत लागली नाही, कारण तिचं नाकच तिची सोबत होतं. हसू येईल, पण खरं आहे. भात शिजला हे ती झाकण न काढता सांगायची. पाऊस कुठल्या डोंगराआड थांबलाय, शेजारी काय शिजतंय, कुठली शेळी आजारी पडणार आहे, लोणच्याची बरणी कुणी ओल्या हातानं उघडली, सगळं तिला नाकानं कळायचं. मी शनिवारी कॉलेजमधून घरी आले की ती माझं डोकं जवळ ओढून हुंगायची आणि म्हणायची, "आज खिडकीशी जागा न्हाई मिळाली व्हय एसटीत?"

श्रावणात एकदा वाऱ्यानं तिची गॅसची शेगडी विझली. ती तिथंच बसून भाकरीचं पीठ मळत होती. शेजारची बाई रस्त्यावरून ओरडत आत शिरली, तिनं सिलिंडर बंद केला, म्हणून निभावलं. मला फोन आला तशी मी गेले आणि आईला भोरला घेऊन आले. ती आली, पण अट घालून.

"वास आला की मला एसटीत बशिवायचं."

"बसवते."

"आज आला तर आज."

"आज आला तर आज. पण न आलेला आला म्हणून सांगायचं नाही."

"म्या कवा खोटं बोलती का?" आई म्हणाली. ती बोलते. या बाबतीत तर हमखास बोलणार होती.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी येतो, कधी कधी नाही येत. लवंग, लिंबू, निलगिरी असं रोज हुंगवत राहा. याचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये निघत नाही. दिवसभर मी लोकांच्या अंगात काय कमी आहे न् काय जास्त आहे ते छापून द्यायची, आणि घरी येऊन आईच्या नाकाखाली लवंग धरायची. ती मान हलवायची. जेवायला बसली की दोन घासांत ताट सारायची. "माती चावल्यागत लागतंय," म्हणायची. हळूहळू तिच्या बांगड्या मनगट सोडून कोपराकडं जायला लागल्या. स्वयंपाकघरात तिनं पाऊल टाकायचं बंद केलं. वास नसलेल्या चुलीपुढं बसून करायचं काय? तिला एक परस तेवढं उरलं. त्या हरभऱ्याच्या वाफ्याशी ती सकाळ-संध्याकाळ बसून असायची. आणि कुणी आलं-गेलं की विचारायची, "आमच्या वाडीकडं कुणी जाणारं हाय का?"

म्हणून माघ लागला तशी मी तिला चालायला बाहेर काढायला लागले. संध्याकाळी लॅबमधून आले की नदीच्या कडेनं, आणि रविवारी सकाळी स्कूटीवर मागं बसवून लांब. आमच्याकडचा माघ ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. नीरेचं पाणी दगडांच्या पोटात गेलेलं असतं आणि दगडांवर धोबी पक्षी शेपटी आपटत फिरत असतात. पळसाला पान नसतं, नुसता जाळ असतो. पांगाऱ्याच्या शेंड्यावर साळुंक्यांची भांडणं चाललेली असतात. काटेसावरीची जाड मेणासारखी फुलं रस्त्यावर धप्पकन पडतात आणि पोरींनी वेणीतून काढून टाकावीत तशी पडून राहतात. भाटघरच्या धरणाचं पाणी उतरायला लागतं. पाणी मागं हटत जातं तशी ओली काळी जमीन वर येते, आणि लोक पाण्याच्या मागं-मागं पेरत जातात. त्या कडेला उभं राहिलं की वरच्या शेतात हरभरा वाळायला आलेला, त्याच्याखाली हिरवा, त्याच्याखाली कोवळा आणि त्याच्याखाली नुसता चिखल. एका नजरेत अख्खा हंगाम.

हे सगळं आईला दिसत होतं. पण दिसण्यावर तिचं कधी भागलं नव्हतं.

आमच्या वाटेवर एक रायवळ आंबा आहे. त्याला यंदा असा मोहोर आला होता की पान शोधावं लागावं. त्याच्याखालून जाताना अंगावर वास पडतो, पाणी पडल्यासारखा. त्यात मध असतो, थोडा कडवटपणा असतो आणि कुठंतरी कच्च्या कैरीची चाहूल असते. मी आईला खाली उभी करायची.

"घे की मोठा श्वास."

ती घ्यायची. छाती भरायची, सोडायची. "गार हवा लागली," म्हणायची.

एके संध्याकाळी मात्र ती झाडाखाली थांबली आणि म्हणाली, "आला बाई. मोहोराचा वास आला."

मला ते लगेच खरं मानायचं होतं. पण मी लॅबमध्ये काम करते. एका रिपोर्टवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. तिला म्हटलं, डोळे मीट. मी खाली वाकले, मूठ बंद करून तिच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे सांग."

तिनं बराच वेळ हुंगलं. अगदी मन लावून. "मोहोर."

मी मूठ उघडली. रस्त्यावरचा खडा होता.

आईनं डोळे उघडून खड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि जराही न शरमता म्हणाली, "मोहोराच्या झाडाखालचाच हाय न्हवं?"

मी हसले, तीही हसली. रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला आमच्याकडं बघत गेला. पण घराकडं परत फिरताना तिचं लक्ष वाटेवर नव्हतं. पुलाशी आल्यावर म्हणाली, "घरी मांजर व्यायली आसंल गं. दाराला कुलूप हाय. कुठं ठिवली आसतील तिनं पिल्लं?" मी तिचा हात धरला. तो हात फार हलका लागला.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगराकडेच्या रस्त्यानं गेलो. तिथं धायटी फुलली होती. लहान लाल नळीसारखी फुलं, खोडाला चिकटून आलेली. आमच्या वाडीतून शाळेपर्यंतची वाट धायटीतूनच जायची. फूल तोडायचं, मागच्या टोकाकडून चोखायचं, टाकून द्यायचं, पुढचं. शाळेत पोचेपर्यंत वाटेवर आमची लाल रांग पडलेली असायची. पहिल्या तासाला जीभ गोड, ओठ लाल आणि दप्तरात एक-दोन चुरगळलेली फुलं. गुरुजींना वाटायचं पोरांनी पान खाल्लंय. त्या वाटेवर सकाळी राखेचा वास असायचा. कुणीतरी पाला-फांद्या, शेण, गवत वाफ्यावर पसरून दाढ भाजलेली असायची. दाढ म्हणजे भाताचं रोप करायची जागा. ती पाऊस यायच्या कितीतरी आधी भाजून ठेवतात. त्या धुराचा वास कपड्यांना लागला की धुतला तरी जात नाही. भोरला कॉलेजात आले तेव्हा पहिल्या वर्षी मुली माझ्या शेजारी बसून म्हणायच्या, "कसला गं वास येतो तुला?" मी म्हणायची, "शेतीचा." दुसऱ्या वर्षी त्याच माझ्या वह्या मागायला लागल्या.

मी आईला धायटीचं एक फूल दिलं. तिनं चोखलं.

"ग्वाड लागतंय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पर कशाचं ग्वाड, ते कळंना."

जिभेला नुसतं गोड, आंबट, खारट, कडू कळतं. कशाचं गोड, हे नाक सांगतं. हे मी शिकलेय. पण आईनं जसं सांगितलं, तसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फूल टाकून दिलं आणि स्कूटीला किक मारली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आता हिला वास येणार नाही. आता ही आपल्याकडंच राहणार, परसात बसून वाडीची वाट विचारत राहणार.

आणि मग हरभरा पिवळा पडायला लागला.

खालची पानं आधी पिवळी झाली, घाटे टणक झाले. आई संध्याकाळी वाफ्याशी बसून तण काढत होती. म्हणाली, "आता ह्यो वाळतोय. आंब घ्यायची तर आजच. मला जरा दे घिऊन. पोट नुसतं फुगतंय, काय जातच न्हाई."

तिनं आपणहून काही मागितलं, हेच मला पुष्कळ होतं. मी कापड शोधायला लागले. कपाट उपसलं. आंबेला सुती लागतं, पातळ लागतं, पांढरं लागतं. रंगीत कापडाचा रंग उतरतो, आणि दव प्यायला कापडात कापूस लागतो. माझ्या साड्या सिंथेटिक, ओढण्या सिंथेटिक, पडदे तर विचारूच नका. टॉवेल जाड, तो थेंबभरही सोडणार नाही. भिंतीवरून हाक मारली, "भाभी, पांढरं सुती फडकं आहे का हो एखादं? जुनं चालेल."

"माझ्याकडं सगळं जॉर्जेट," शमीमभाभी म्हणाल्या. "सुती म्हणाल तर फरशी पुसायचं आहे. देऊ का? पण मग औषध कुणी प्यायचं ते तुम्ही ठरवा."

तेव्हा मला पलंगाखालची ट्रंक आठवली.

त्या ट्रंकेत माझा कॉलेजचा ॲप्रन होता. आणि तो आंबेला नवा नव्हता.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा म्हणून मी शनिवारी ॲप्रन धुवायला घरी आणला होता. रविवारी दुपारी धुतला, निळीत बुडवला, अंगणातल्या दोरीवर टाकला. दादांचं तेव्हा पोट दुखत होतं. दोन घास खाल्ले की पोटावर हात ठेवून भिंतीला टेकायचे. आंबेचं कापड म्हणजे त्यांच्याच जुन्या धोतराचा तुकडा, तो त्या वर्षी उंदरांनी खाल्ला होता. सकाळी मी उठले तर दोरी रिकामी. बाहेर पळाले. धुक्यात, आमच्या हरभऱ्यावर, माझा ॲप्रन पालथा पडला होता, दोन्ही बाह्या पसरून. एखादा डॉक्टर वाडीला यायला निघाला आणि दमून आमच्या शेतातच झोपला, असा. आई त्याच्या एका बाहीला पिळा घालून बाटलीत पिळत होती.

"आये! माजा ॲप्रन!"

"वरडू नगं, सांडंल."

"आज परीक्षा हाय माजी!"

"मग? परीक्षेत काय कापडं तपासत्यात व्हय?" आई म्हणाली आणि तिनं दुसरी बाही हातात घेतली. "घरात येवढंच पांढरं सुती हुतं. आन् लई चांगलं पितंय गं. धोतरापरीस चांगलं."

मी तो ओला ॲप्रन तसाच पिशवीत घालून पहिल्या एसटीनं निघाले. वेल्ह्यापासून हायवेपर्यंत खिडकीबाहेर धरून वाळवला. हायवेला उतरून भोरची एसटी पकडली, पुन्हा खिडकीबाहेर. परीक्षेला त्यावर फिकट पिवळे ढग उमटले होते आणि छातीच्या खिशापाशी आंबटसर वास येत होता. शेजारच्या मुलीनं नाक मुरडलं. मी म्हटलं, "घरचं ॲसिड आहे, बाजूला हो." प्रॅक्टिकल चांगलं गेलं.

दादांचं पोट थांबलं. आंबेनं थांबलं की आपोआप, ते मी सांगू शकत नाही. दादांना मात्र शंका नव्हती. वेल्ह्याच्या बाजारात ते भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरीच्या कालेजच्या कोटाची आंब. साध्या कापडाची न्हवं!" झालं. पुढच्या माघात माणसं दारात. "ताई हायेत का? कोट हाय का घरी?" शिकलेल्या कापडाला गुण जास्त, अशी आमच्या खोऱ्यात समजूत झाली. कुणाची सासू, कुणाचा चुलता, सगळ्यांच्या पोटाला माझाच कोट हवा. एकानं तर विचारलं, बारावीचा युनिफॉर्म चालंल का, न्हाई म्हणजे जरा कमी गुणाचा का असंना.

मी कुणाला दिला नाही. पदवीचा कागद दादांनी भिंतीवर लावला, तो सगळ्यांचा होता. येणारा-जाणारा त्याच्याखाली उभा राहून पाणी प्यायचा. ॲप्रन माझा होता. मी तो घडी करून ट्रंकेत ठेवला, वर डांबरगोळ्या टाकल्या. लग्नानंतर ट्रंक भोरला आली. दर पावसाळ्यानंतर मी गोळ्या तेवढ्या बदलायची. ॲप्रन उलगडून बघायची वेळ कधी आली नाही.

त्या संध्याकाळी उलगडला. कॉलर मऊ पडली होती, एक गुंडी गेली होती, पिवळे ढग तसेच होते. गोळ्यांचा वास असा भपकन आला की मी तोंड फिरवलं. तसाच हातावर टाकला आणि परसात गेले. ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर चढलं होतं. आई वाफ्यात पाठमोरी बसली होती, हातात तणाची जुडी. मी तिच्या मागं उभी राहून ॲप्रन एकदा झटकला.

"शी!" आई म्हणाली. मागं न बघता. "काय गं ते? डांबराच्या गोळ्या! ते हरभऱ्यावर टाकणार हाईस व्हय? आंब माणसानं प्यायची का झुरळांनी? धू आधी, वाऱ्यावर टाक…"

आणि थांबली.

तिचा हात तणावर होता, तिथंच राहिला. आपण बोललो तर वास जाईल, असं मला वाटलं. शेवग्याचं एक फूल भिंतीवरून आलं आणि तिच्या पाठीवर पडलं. ती हळूहळू वळली.

"त्येला वास येतोय, न्हवं?"

"येतोय."

"डांबराच्या गोळीचाच?"

"डांबराच्या गोळीचाच, आई."

तिनं माझ्या हातातून ॲप्रन ओढून घेतला, दोन्ही हातांनी तोंडावर धरला आणि असा श्वास घेतला, असा घेतला की तिला ठसका लागला. ठसकत, डोळ्यांतून पाणी काढत ती म्हणाली, "किती घाण वास हाय गं! आगं बाई, किती घाण!" आणि पुन्हा तोंडावर धरला.

मी तिथंच वाफ्याच्या कडेला खाली बसले. हसायचं की रडायचं कळेना, म्हणून मी आईच्या जुडीतलं तण उगीच तोडत बसले.

"काय झालं हो?" शमीमभाभींचं डोकं भिंतीवर आलं. "आजींना काय झालं?"

"वास आला, भाभी! आईला वास आला!"

"अय्या! कशाचा?"

"डांबरगोळ्यांचा!"

"एवढा मोहोर फुललाय, आणि आजींना हे आवडलं?" भाभी म्हणाल्या. "थांबा, थांबा. मी सुकट भाजतेय. हलू नका." आणि गरम सुकटीची वाटी भिंतीवरून आली. आईनं ती नाकाशी धरली. डोळे मिटले. या वेळी मी मूठ बंद केली नव्हती, आणि तिला मन लावायची गरज पडली नाही.

"येतोय," ती म्हणाली. "पर लांबनं. पलीकडच्या आळीत कुणीतरी भाजतंय, आसा."

"येईल येईल, आमच्या आळीतही येईल," भाभी म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून आत गेल्या.

ॲप्रन आईनं स्वतःच धुतला. मला हात लावू दिला नाही. साबणानं धुतला, पुन्हा धुतला, हुंगला, नाक मुरडलं, पुन्हा धुतला. घट्ट पिळून वाऱ्यावर टाकला आणि रात्री हरभऱ्यावर पसरला, बाह्या नीट ओढून, कॉलर सरळ करून, पोरगं झोपवावं तसा. पहाटे आम्ही दोघी उठलो. कापड दवानं जड झालं होतं. वाफा लहान, हरभरा वाळायला आलेला. बाटलीचा तळ झाकेल एवढीच आंब निघाली. आईनं करंगळी बुडवून जिभेवर ठेवली. तिचा एक डोळा मिटला, गाल आत गेले, खांदे वर आले.

"हां," ती म्हणाली. मग तोंड पुसलं. "एसटी किती वाजता हाय?"

मी कबूल केलं होतं. आज आला तर आज. तरी मला म्हणायचं होतं, मोगऱ्याला आता कळ्या येतील, तेवढं थांब. म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी मीच घेऊन जाते. वाटेत हुंगत जाऊ." आणि त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात जाऊन भाकरी केली. थोडी करपली. "वास आला गं, पर उशिरा आला," म्हणाली, आणि ती करपलेली भाकरी तिनं आंबेच्या पाण्याबरोबर अख्खी खाल्ली.

रविवारी आम्ही भोरच्या स्टँडवर एसटीत बसलो. हायवेला उतरून दुसरी पकडली. आईच्या पिशवीत आंबेची बाटली होती, ॲप्रनमध्ये गुंडाळलेली. होय, दिला. "वाडीत लोक इचारतील," ती म्हणाली होती, "कोट कुठं हाय म्हणून." मी म्हटलं, "ने. पण उंदरांपासून जप."

तिला खिडकीशी बसवलं. वेल्हे मागं पडलं. तोरणा समोर आला, दुपारच्या उन्हात उघडाबोडका, त्याच्या कुशीत सागाची झाडं पानं गाळून उभी. आई खिडकीची काच सरकवून बाहेर तोंड करून बसली होती. वारा तिचा पदर मागं उडवत होता. मी तिच्याकडं बघत होते. मला तिच्याशिवायच्या परसाचा विचार येत होता, वाळलेल्या वाफ्याचा, आणि तरी छातीत एक निवांत, मोकळी जागा झाली होती. खूप दिवसांनी ट्रंक उपसल्यावर खोलीत होते तशी.

एकदम तिनं उडणारा पदर पकडून नाकाला लावला.

"दाढ भाजायला लागली गं कुणीतरी," ती म्हणाली.

मी बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसतं कोरडं गवत, रस्ता, डोंगर. धूर कुठंच नव्हता. मी काही म्हणणार, तेवढ्यात एसटीनं वळण घेतलं. खालच्या खाचरात एक बाई हातात काठी घेऊन उभी होती, आणि तिच्यापुढून धुराची निळी रेघ सरळ वर चालली होती.